कपडे वाळविणारे यंत्र : व्हेंटेड की कंडेन्सर?

पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. बाल्कनी नसलेल्या सदनिकांमध्ये ही अडचण अधिकच जाणवते. अशा वेळी विजेवर चालणारा ड्रायर उपयुक्त ठरतो. घरगुती ड्रायरचे व्हेंटेड आणि कंडेन्सर असे दोन प्रमुख प्रकार असून, त्यांतील निवड करताना किमतीइतकाच घराच्या रचनेचाही विचार करणे आवश्यक आहे.

दोन्ही यंत्रांत फिरत्या ड्रममधील ओल्या कपड्यांमधून गरम हवा खेळविली जाते. २८ अंश सेल्सियस तापमानाची, ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापविल्यास ही आर्द्रता सुमारे १६ टक्क्यांवर येते. त्यामुळे भर पावसातही ड्रायर कपडे वाळवू शकतो.

फरक आहे तो ओलसर झालेल्या हवेची विल्हेवाट लावण्यात. व्हेंटेड ड्रायर ती जाड नळीवाटे घराबाहेर सोडतो. त्याची रचना साधी असते. मात्र नळीसाठी भिंतीला वा खिडकीला छिद्र पाडावे लागते. शिवाय तो खोलीतील हवा सतत बाहेर टाकत असल्याने खोलीत बाहेरची हवा येण्यास वाट ठेवावी लागते. बंद घरात गॅस गिझर सुरू असताना तो चालविणे धोक्याचे आहे. कारण गिझरचा विषारी धूर आत ओढला जाऊ शकतो.

कंडेन्सर ड्रायर तीच हवा थंड करून बाष्पाचे पाणी करतो आणि ते टाकीत साठवितो किंवा सांडपाण्याच्या नळीत सोडतो. छिद्राची गरज नसल्याने भाड्याच्या घरात तो सोयीचा ठरतो. मात्र यंत्रातील उष्णता खोलीतच राहते. लहान, बंद खोलीत त्यामुळे उकाडा वाढतो.

विजेच्या खर्चाचे गणितही समजून घ्यावे. पाच किलो सुती कपड्यांत पिळल्यानंतर सुमारे तीन लिटर पाणी उरले, तर त्याची वाफ करण्यासच सुमारे दोन युनिट ऊर्जा लागते. म्हणून वॉशिंग मशीनमध्ये कपडे अधिक वेगाने पिळून घेणे, हा बचतीचा सर्वांत सोपा उपाय होय. हीट पंप हा कंडेन्सरचाच सुधारित प्रकार बाहेर पडणारी उष्णता पुन्हा वापरून साधारण निम्म्या विजेत काम करतो. मात्र तो महाग असून वेळही अधिक घेतो. युरोपीय संघाच्या १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तेथे नवे घरगुती ड्रायर हीट पंपाचेच असणे अपेक्षित आहे.

कपड्यांतून सुटणारे तंतू ही दोन्ही यंत्रांतील धोक्याची बाब आहे. अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात ड्रायरमुळे घरांना वर्षाला सरासरी सुमारे २,९०० आगी लागल्या. स्वच्छतेकडे दुर्लक्ष हे त्यामागील प्रमुख कारण होते. म्हणून प्रत्येक वापरानंतर जाळी साफ करावी. व्हेंटेड यंत्राची नळी आणि कंडेन्सरमधील शीतक भागही वेळोवेळी स्वच्छ करावेत.

थोडक्यात, स्वतःच्या घरात बाहेरच्या भिंतीलगत जागा असल्यास व्हेंटेड आणि छिद्र पाडणे शक्य नसल्यास कंडेन्सर निवडावा. रोजचा वापर असेल, तर हीट पंपाचा विचार करावा. ऊन असेल तेव्हा मात्र दोरीला पर्याय नाही.