प्रोसेसर ८५ अंशांवर गेला म्हणून गेम बंद करू नका

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी गेमिंग वाढतं आणि धास्तीही. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान ८५ दिसलं की ‘आता जळणार’ म्हणत आई-बाबा प्लग काढायला धावतात.

मुळात सगळ्या प्रोसेसरांना लागू पडेल असा एकच धोक्याचा आकडा नसतो. कमाल मर्यादा कंपनीच ठरवते. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के ची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ७ ७७००एक्स ची ९५, तर खास गेमिंगसाठी नावाजलेल्या रायझन ७ ७८००एक्स३डी ची ८९. म्हणजे ८८ अंश इंटेलला सहज झेपतात, या शेवटच्याला मात्र ते काठावरचे. मर्यादा गाठली तरी प्रोसेसर लगेच जळत नाही. तो आपला वेग आणि व्होल्टेज उतरवतो, आणि तरीही पारा चढतच राहिला तर मशीन बंद करतो. आपल्याला जाणवतं ते गेमचं अडखळणं.

बिघडलं की उष्णतेवर खापर फोडायची सवयही वाईट. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गेम मध्येच बंद पाडू लागले, तेव्हा अनेकांनी कूलर बदलून पाहिले. उष्णतेचा थोडा हात होता, पण मुख्य दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावरचा उपाय आला तो बायोस अपडेटमधून.

आता आपल्या हवेबद्दल. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालची खोली ३२-३३ अंशांवर असते. पंख्याचा असो वा पाण्याचा, कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितकी तापलेली, साधारण तितकीच भर आत पडते. त्यामुळे परदेशातल्या परीक्षणात ७२ दिसलेला प्रोसेसर घाटकोपरला ८२ दाखवत असेल, तर तुमची फसवणूक झालेली नाही. (सांताक्रूझ वेधशाळेने १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले होते. त्या दिवशी गेमिंग पीसी नव्हते हे बरंच.)

दमट हवेने प्रोसेसरवर पाणी साचतं, हीही भीती फोल आहे. पाणी साचतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, आणि चालू प्रोसेसर खोलीहून गरमच असतो.

महागडा कूलर घेतला की खोली गार राहील, हा समज तर खिशाला भारी पडतो. गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॉट खात असतील, तर तेवढी सगळी उष्णता खोलीतच येणार. कूलर ती फक्त चिपपासून दूर नेतो.

विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, अर्धा तास गेम खेळा आणि आलेला आकडा कंपनीच्या वेबसाइटवरच्या मर्यादेशी ताडून पाहा. दहा अंश हातात असतील तर निवांत खेळा. सारखी मर्यादा गाठली जात असेल, किंवा काहीही चालू नसताना ७० दिसत असेल, तर आधी कूलरवरची धूळ काढा. रीडेव्हलपमेंटच्या या दिवसांत ती भरपूर असते. त्यानेही फरक पडला नाही तर थर्मल पेस्ट बदलून घ्या. नवीन प्रोसेसरचा विचार त्यानंतर.