विकत घेतलेले यंत्र आणि त्याची मालकी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नियमित विनामूल्य दुरुस्त्या थांबविल्या आणि ज्यांचा पडदा त्या दिवशीही पूर्ववत उजळत होता, ज्यांच्या कळा बोटांना पूर्ववत साथ देत होत्या, असे असंख्य लॅपटॉप कागदोपत्री एकाएकी निवृत्त झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा असावा लागतो; तेव्हा आर्वीच्या एखाद्या शाळेत, हिंगणघाटच्या एखाद्या वकिलाच्या कचेरीत किंवा वर्ध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मेजावर त्याहून जुना लॅपटॉप असेल, तर धडधाकट यंत्र भंगारात काढावे की त्याला दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम द्यावी, हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

दुसरी म्हणजे बहुधा लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. तिचा मूळ मसुदा कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही तिची प्रचलित रूपे असून आपल्या सी-डॅकने २००७ पासून ‘बॉस’ नावाचे रूप वितरित केले आहे. युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक यांची सोय तीत आहे. पेनड्राइव्हवरून ती यंत्रावर चढविण्यास फार वेळ लागत नाही. परंतु चढविल्यानंतर पुष्कळदा असे घडते की पडदा दिसतो, कळा चालतात, आवाजही येतो आणि वाय-फाय मात्र जणू त्या यंत्रात कधी बसविलेच नव्हते अशा रीतीने बेपत्ता असते.

याचे कारण समजावून घेण्यासारखे आहे. लॅपटॉपमधील प्रत्येक चिपला तिच्या उत्पादकाने ठरवून दिलेली स्वतःची भाषा असते. ऑपरेटिंग सिस्टीम आणि चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या कार्यक्रमास ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाषी उत्पादक स्वतः पुरवितो. लिनक्ससाठी तो पुरविलाच, अथवा निदान त्या भाषेचे व्याकरण तरी प्रसिद्ध केले, तर काम सुरळीत चालते. दोहोंपैकी काहीच न केल्यास चिप कितीही उत्तम असली तरी मुकी राहते आणि दोषाचे खापर लिनक्सच्या माथी फुटते.

वाय-फायच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो. अनेक चिपांना यंत्र सुरू होताच फर्मवेअर नावाची एक लहानशी फाइल भरवावी लागते आणि ती उत्पादकाच्या मालकीची, बंदिस्त असते. तत्त्वनिष्ठ डेबियनने अशा फाइली वर्षानुवर्षे आपल्या अधिकृत स्थापना-संचाबाहेर ठेवल्या. २०२२ साली सभासदांनी मतदान करून हा निर्बंध शिथिल केला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या संचातच मिळू लागल्या. जुना संच वापरणाऱ्यापुढे मात्र चमत्कारिक पेच उभा राहतो: फाइल उतरविण्यास इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ती फाइल हवी.

अशा वेळी गोंधळून न जाता प्रथम यंत्राचीच जबानी घ्यावी. टर्मिनलच्या काळ्या चौकटीत ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएन’ या जोडासह दिली, की आतील उपकरणांची यादी झरझर उमटते आणि प्रत्येक ओळीत उत्पादकाचा व उपकरणाचा सांकेतिक क्रमांक दिसतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, १९७८ सालच्या तिच्या सुविख्यात प्रोसेसरचे नावच तिने येथे ओळखपत्र म्हणून मिरविले आहे. चिप कोणाची हे कळले, की ‘डीमेसेज’ या आज्ञेने यंत्राचे रोजनामे वाचावेत; फर्मवेअर सापडले नसल्यास हव्या असलेल्या फाइलीच्या नावासह तशी स्पष्ट नोंद तेथे असते. कधी ‘आरएफकिल लिस्ट’ विचारताच असे उघड होते, की चिप निर्दोष असून कोणाच्या तरी बोटाने वाय-फायची कळ बंद झाली आहे. उपरोक्त पेचावर तोडगाही साधा आहे: मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे, या मार्गासाठी निराळे फर्मवेअर बहुधा लागत नाही, आणि त्या उसन्या जोडणीवरून हवी ती फाइल उतरविता येते.

जेथे उत्पादकाने मौनच पत्करले, तेथे स्वयंसेवकांनी दाखविलेली चिकाटी विलक्षण म्हटली पाहिजे. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपा एके काळी लॅपटॉपांत सर्रास असत, परंतु लिनक्ससाठी त्यांचा ड्रायव्हर नव्हता. तेव्हा एका गटाने कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरची उकल करून चिपेचे वर्तन टिपणांत उतरविले, आणि ज्यांनी तो ड्रायव्हर डोळ्यांनीही पाहिला नव्हता अशा दुसऱ्या गटाने, नकलेचा आरोप येऊ नये म्हणून, केवळ त्या टिपणांच्या आधारे नवा ड्रायव्हर लिहिला. जून २००६ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. स्वतः ब्रॉडकॉमने खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला तो सप्टेंबर २०१० मध्ये. एन्व्हिडियाने आपल्या नव्या ग्राफिक्स चिपांच्या ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला, त्यास तर मे २०२२ उजाडले.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण पाहिले आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावच्या शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हाती आलेले हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ यंत्र, २५६ एमबी स्मृतीचे आणि १ जीबी साठवणीचे, आरंभापासूनच लिनक्ससाठी घडविलेले होते. त्यात विंडोजची अडगळ नव्हती की जुन्या सुट्या भागांची तडजोड नव्हती. तरीही त्याच्या बिनतारी जोडणीसाठी निवडलेल्या मार्व्हेल कंपनीच्या चिपेचे फर्मवेअर बंदिस्तच राहिले आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी त्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली. संपूर्ण यंत्र खुल्या तत्त्वावर रचूनही एका चिपेपुरती सनद परक्याच्याच दप्तरी राहावी, यावरून या कुलपाची बळकटी ध्यानात येते.

यंत्र विकत घेणाऱ्याच्या हाती त्याची दुरुस्तीही असावी, हा आग्रह वर्ध्याला नवा नाही. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी मगनवाडीत ज्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले, ते ग्रामोद्योगांच्या साधनांसाठीच उभे राहिले. आणि त्याच्या नऊ वर्षे आधी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले तेव्हा अटी मोठ्या मार्मिक घातल्या होत्या. चरखा १५० रुपयांहून महाग नसावा. नीट निगा राखल्यास तो निदान २० वर्षे चालावा. वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. आणि संशोधकाने पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करावेत. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. तथापि यंत्राची पारख करताना त्याच्या वेगाबरोबरच आयुष्य, दुरुस्ती आणि हक्क हेही तोलावेत, हा त्यातला विवेक लॅपटॉपलाही तंतोतंत लागू पडतो.

म्हणून खरेदीचा विचार करणाऱ्याने थोडी दक्षता घ्यावी. लिनक्सच्या बाबतीत अगदी नव्या लॅपटॉपपेक्षा चार-पाच वर्षे वापरलेला लॅपटॉप पुष्कळदा अधिक सोयीचा ठरतो, कारण त्याच्या चिपांचे ड्रायव्हर लिहिले जाण्यास दरम्यान अवसर मिळालेला असतो. बोटाचा ठसा ओळखणारे उपकरण मात्र जुने असो वा नवे, चालेलच अशी खात्री धरू नये. उबुंटू किंवा तत्सम प्रणालीचा पेनड्राइव्ह सोबत न्यावा. त्यावरून लॅपटॉप सुरू केल्यास आतील विंडोजला धक्का न लावता सारी तपासणी होते. वाय-फाय जोडून पाहावे, कॅमेरा व आवाज पाहावा, टचपॅडवर दोन बोटे फिरवावीत, झाकण मिटून पुन्हा उघडावे आणि यंत्र झोपेतून नीट जागे होते की नाही हे पडताळावे. या साऱ्या गोष्टी पैसे मोजण्यापूर्वी कराव्यात. आणि दुकानदाराने पेनड्राइव्ह लावूच दिला नाही, तर हुज्जत न घालता पुढच्या दुकानाची पायरी चढावी.