डावा स्पीकर का रुसला?

मुलांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना, जडशीळ स्टिरिओ पडलाय का? असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हे वाचा. आई-बाबांनाही वाचायला द्या, कारण यातलं काम त्यांना सोबत घेऊनच करायचं आहे.

राहुरी तालुक्यात आमच्या घरी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, असाच एक जपानी रिसीव्हर आहे. मामांनी १९८२ साली मस्कतहून आणलेला. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत. गेल्या दिवाळीत त्याचा डावा स्पीकर मुका झाला. मध्येच खर्र करायचा, की पुन्हा गप्प. अण्णा म्हणाले, "म्हातारा झालाय, माझ्यासारखाच. रविवारी भंगारवाला आला की देऊन टाक." म्हणाले खरे, पण फडक्याने पेटी पुसत बसले होते.

माझा भाचा पॉलिटेक्निकला शिकतो. त्याने बॅटरी घेऊन पेटीच्या मागे डोकं घातलं आणि तिथूनच ओरडला, "मावशी, हे बघ काय!"

मागच्या बाजूला केसांच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या दोन छोट्या सळया होत्या. एक डाव्या बाजूची, एक उजव्या. प्रत्येकीचं एक टोक 'प्री आउट' लिहिलेल्या भोकात, दुसरं 'मेन इन'मध्ये. यांना जंपर म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरचे खरं तर दोन भाग असतात. पहिला भाग आवाज कमी-जास्त करतो, खर्ज-तार जुळवतो. दुसरा ताकद देतो, स्पीकर हलवतो. या दोघांमधला पूल म्हणजे जंपर. १९७० च्या दशकात पायोनिअर, मरान्झ अशा कंपन्यांनी काही रिसीव्हरांत हा पूल मुद्दाम बाहेर ठेवला. कुणाला मध्ये दुसरं यंत्र जोडायचं असेल तर सळई काढा, वायर लावा!

आमच्या सळया काळपट पडल्या होत्या. देवघरातला तांब्या चार दिवस घासला नाही की काळवंडतो ना, तसंच. पूल शाबूत, पण दोन्ही टोकांना मळ. या पुलावरून जाणारा विजेचा दाब जेमतेम एखाद्या व्होल्टाच्या आसपास असतो. मळाच्या थरापुढे त्याचं काही चालत नाही.

पण दोष नक्की तिथेच आहे कशावरून? भाच्याने प्लग काढला आणि डावी सळई उजवीकडे, उजवी डावीकडे लावली. पुन्हा सुरू केलं तर डावा स्पीकर बोलू लागला आणि उजवा गप्प! रुसवा सळईबरोबर पलीकडे गेला. म्हणजे आतलं यंत्र ठणठणीत, दुखणं सळईचं.

मी नगरला गेले. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एस.टी.त बसताना तोंडातून नगरच निघतं.) एका दुकानदाराने दोन जोड्या समोर ठेवल्या. एक साधी, दीडशे रुपयांची. दुसरी जाडजूड, सोन्याचा मुलामा दिलेली, साडेतीन हजारांची! "बाई, हिच्यातून आवाज असा खुलतो म्हणता!" मी साधी घेतली. महागडी त्याने तपासून परत करण्याच्या बोलीवर दिली.

घरी आल्यावर भाच्याने कागद-पेन्सिल घेतली. वीतभर साध्या तांब्याच्या तारेचा विजेला होणारा अडथळा सुमारे एक शतांश ओहम. पुढच्या 'मेन इन'चा स्वतःचा अडथळा बऱ्याच यंत्रांत ४७ हजार ओहमच्या आसपास. हे डोळ्यांसमोर येत नाही ना? मग असं धरा, की ४७ हजार ओहम म्हणजे नगर-पुणे रस्ता, १२० किलोमीटर. त्यात आपली तार म्हणजे अडीच सेंटिमीटर! तांब्याऐवजी चांदीची तार आणली तर दीड मिलिमीटर वाचेल. गंमत म्हणजे जुनी पितळी सळई जाड आणि आखूड असल्यामुळे तिचा अडथळा या तारेहूनही कमी भरतो. सोन्याचा फायदा एवढाच, की ते काळं पडत नाही.

गणित पटलं, पण कानांचं काय? आधी आम्ही उघड उघड ऐकलं. महागडी वायर लावली की अण्णा, शेजारची नववीतली मुलगी आणि मी, तिघेही "वा, वा!" मग मागच्या बाजूला चादर टांगली. भाचा नाणं उडवायचा. छापा पडला तर महागडी, काटा पडला तर साधी. तो चादरीआडच राहायचा, कारण चेहऱ्यावरूनही उत्तर कळतं. तेच गाणं, तेवढाच आवाज, दहा वेळा. आम्ही न बोलता कागदावर लिहायचं. निकाल? अण्णांची ५ उत्तरं बरोबर, मुलीची ६, माझी ४. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढेच गुण पडले असते! वर्गात मुलांना चारच गुण मिळाले की मी काय काय बोलते ते आठवलं.

महागडी जोडी दुसऱ्या दिवशी परत केली.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर घरातलं मोठं माणूस हवंच. आधी भिंतीतला प्लग काढा. चालू यंत्राचा जंपर ओढला तर स्पीकरमधून असा धडाका येतो की स्पीकर फाटू शकतो. पेटीचं झाकण मात्र उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. मळ काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरतो. ते पेट घेतं, म्हणून जवळ चूल, उदबत्ती नको, आणि पूर्ण सुकल्यावरच प्लग लावा. तांब्याला लावतो ती चिंच इथे चालत नाही. तिचं आम्ल फटीत राहून धातू खातं.

आम्हीही शेवटी जुन्या सळयाच पुसल्या. उजवी लगेच घट्ट बसली. डावी पुसूनही सैलच राहिली, म्हणून दोन्हीकडे दीडशेवाली जोडी लावली. सळया अण्णांनी दोऱ्याने बांधून काडेपेटीत घातल्या आणि काडेपेटी रिसीव्हरच्या मागेच चिकटवली.

रविवारी भंगारवाला आला. अण्णांनी त्याला रद्दी दिली आणि ओट्यावर बसवून दोन गाणी ऐकवली.