एकाच नदीचा मासा

वाशीम जिल्ह्यातून वाहणारी पैनगंगा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचे पाणी पुढे वर्धा व प्राणहिता या नद्यांमधून गोदावरीला मिळते. याच गोदावरीच्या खोऱ्यात, पण दूर पश्चिमेला, नाशिकजवळ दारणा ही उपनदी आहे. देवळालीजवळच्या तिच्या पात्रात एक बोटाएवढा मासा सापडला. जगात अन्यत्र तो आढळल्याची खात्रीची नोंद नाही!

इ. स. १९३८ मध्ये सुंदरलाल होरा व के. एस. मिश्र या शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभिरक्षक स्टॅन्ली प्रेटर यांच्यावरून त्याचे नाव पडले, पॅरासिलोरिंकस प्रेटेरी.

खोरे एकच, मग हा मासा सगळीकडे का पसरला नाही? उत्तर त्याच्या प्रजातीच्या राहणीत आहे. हे मासे डोंगराळ भागातील खळाळत्या, खडकाळ पाण्यातले. पोट चपटे, छातीचे पर आडवे पसरलेले. त्यामुळे जोराच्या प्रवाहातही ते दगडाला धरून राहतात. मैदानातले संथ, गढूळ पाणी अशा माशांना भिंतीसारखेच आडवे येते.

येथेच धोका आहे. रोहू एका नदीतून गेला, तरी दुसऱ्या नदीत उरतो. ज्याचे घर एकच, त्याचे काय? सांडपाणी आले, वाळू उपसली, दगडांवर गाळ बसला, की ते घर मोडते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या माशाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली आहे.

अमेरिकेत नेवाडा राज्यातील 'डेव्हिल्स होल' या खडकातील कुंडात असाच एक चिमुकला मासा राहतो. आसपासच्या उपशाने कुंडाचे पाणी उतरू लागले. तेव्हा १९७६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने उपशावर मर्यादा घातली. माशासाठी पाणी राखले गेले!

आपल्या ओढ्यातले बारके मासे दिसले, की आपण 'काय ते, बारके मासे' म्हणून पुढे जातो. पुढच्या खेपेस थांबा. भोई बांधवांना त्या माशांची नावे विचारा. कोणता मासा खडकाळ पाण्यात राहतो, कोणता डोहात, ते वहीत टिपून ठेवा. मासे पाण्यातच राहू द्या. ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, तो नाहीसा झाला हे तरी कळणार कसे?