विजेच्या वाहनांवरील सवलती

विजेवरच्या वाहनाची किंमत मुख्यतः बॅटरीमुळे वाढते. म्हणूनच भारतात दुचाकीचे अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर, म्हणजे किलोवॅट-तासांवर मोजले जात आले आहे. जून 2021 मध्ये ‘फेम-2’ योजनेत ते प्रति किलोवॅट-तास 15,000 रुपये होते, मात्र वाहनाच्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंतच. जून 2023 पासून ते 10,000 झाले आणि मर्यादा 15 टक्क्यांवर आली. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना सुरू झाली, तेव्हा दर 5,000 रुपये आणि एका दुचाकीमागे कमाल अनुदान 10,000 रुपये होते. त्यामुळे जुन्या माहितीवर हिशेब मांडणाऱ्या ग्राहकाची हमखास फसगत होते. हे अनुदान ग्राहकाच्या खात्यात येत नाही. विक्रेता ते किमतीतून वजा करतो आणि कंपनी सरकारकडून भरपाई घेते. खासगी मोटारींना ते मिळत नाही. त्यांना खरा आधार जीएसटीचा, जो ऑगस्ट 2019 पासून 12 ऐवजी 5 टक्के आहे. चार्जरवरील जीएसटीही तेव्हाच 18 वरून 5 टक्क्यांवर आला. घरी चार्जिंगसाठी सध्याची वीजजोडणी चालते. महाराष्ट्रात 2025 च्या धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे.