निळा रंग उडाला, पण पाणी शुद्ध झाले का?

‘नॅनो’ म्हटले की बारीक गाळणी डोळ्यांसमोर येते. टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण मात्र काहीच गाळत नाहीत. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही भुकटी. तिच्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागचे उठतात, पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन यांच्याशी क्रिया होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि ते जिवाणूचे आवरण फोडतात. जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन करून दाखवले होते.

मग नुसते उन्हात ठेवले तर भागेल? फारसे नाही. या पदार्थाला सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात आणि सूर्यप्रकाशात ते जेमतेम ५ टक्के असतात. डोपिंगची, म्हणजे मुद्दाम थोडे परके अणू मिसळण्याची, गरज पडते ती इथे. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी ऑक्सिजनच्या काही जागी नायट्रोजन बसवला आणि ही भुकटी दृश्य प्रकाशातही काम करू लागली.

डोपिंग जितके जास्त तितके चांगले, हेही खरे नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत २१ धातूंचे आयन तपासले गेले. लोह, व्हॅनेडियम अशा काहींनी ०.१ ते ०.५ टक्के एवढ्या प्रमाणात क्रिया वाढवली, तर कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमने ती घटवली. परके अणू फार झाले की सुटलेले इलेक्ट्रॉन तिथेच अडकून विझतात.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती निळ्या रंगाच्या प्रयोगात. मिथिलीन ब्लू घातलेले पाणी तासाभरात नितळ दिसले, की यश मिळाल्यासारखे वाटते. पण हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे तो उडण्यात भुकटीचा वाटा किती हे कळत नाही. शिवाय रंग गेला तरी रेणूचे तुकडे पाण्यात उरलेले असू शकतात. एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय त्या नितळपणावर विश्वास ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रयोगशाळेतले पाणीही बहुधा ऊर्ध्वपातित असते. विहिरी-नदीच्या पाण्यातले बायकार्बोनेट आणि कुजलेला पालापाचोळा बरेचसे रॅडिकल आधीच खाऊन टाकतात.

बोअरचे जड पाणी या भुकटीने मऊ होत नाही, फ्लोराइडही निघत नाही. आर्सेनिकचे रूप बदलून ते पकडायला सोपे होते, पण पकडण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडसारखा शोषक लागतोच. वापरलेली भुकटी पाण्यातून परत काढणेही जिकिरीचे, म्हणून ती काचेवर किंवा सिरॅमिकवर पक्की बसवतात.

आणि क्लोरीनची जागा ती घेऊ शकत नाही. रॅडिकल क्षणार्धात नाहीसे होतात, मागे काही संरक्षण उरत नाही. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात मात्र भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते, कारण नळातून हंड्यात येईपर्यंत पाणी पुन्हा दूषित होऊ शकते.