नोटा मोजणाऱ्या यंत्राचा अंगठा: एकच नोट सुटते कशी आणि गठ्ठा बसतो कसा?

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे', 'बघा' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

[००:००] तो 'खर्रर्र' आवाज

एटीएममध्ये पिन टाकला, रक्कम टाकली की आतून एक आवाज येतो. आधी 'खर्रर्र', मग 'फट् फट् फट्', मग जरा शांतता आणि मग झडप उघडते. त्या पाचसात सेकंदांत आत नक्की काय चालतं, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? नोटा मोजायच्या आणि द्यायच्या. पण मोजणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे हो. सेन्सरसमोरून नोट गेली की आकडा एकने वाढवायचा, झालं. खरी अवघड कामं दोन. पहिलं, गठ्ठ्यातून एकच नोट सुटी करणं. दुसरं, वेगात पळणाऱ्या नोटेला थांबवून परत नीट गठ्ठ्यात बसवणं. दोन्ही कामं कॉम्प्युटर करत नाही. रबराचे रोलर, पट्टे आणि प्लॅस्टिकच्या भिंगऱ्या करतात. आणि ती चुकली की कुणाच्या तरी खात्यातले पाचशे रुपये इकडचे तिकडे होतात.

[०१:३०] कॅशियरचा अंगठा

आधी माणूस हे कसं करतो ते बघू. बँकेतल्या कॅशियरच्या टेबलावर ओल्या स्पंजची एक छोटी डबी असते. अंगठा त्यावर टेकवायचा आणि नोटा सरकवायच्या. ओला अंगठा नोटेला चांगला धरतो. पण नुसता अंगठा पुरत नाही. दुसऱ्या हाताची बोटं बाकीचा गठ्ठा धरून ठेवतात. अंगठा वरच्या नोटेला म्हणतो 'चल', बोटं खालच्या नोटेला म्हणतात 'तू थांब'.

यंत्रात अगदी हेच आहे. अंगठ्याच्या जागी रबराचा फिरता रोलर. रोखणाऱ्या बोटांच्या जागी दुसरा एक रोलर किंवा रबराची पट्टी, जी एक तर जागची हलत नाही किंवा उलट्या दिशेने फिरते. या दोघांच्या फटीतून नोट जाते.

आता गंमत ऐका. समजा फटीत चुकून दोन नोटा शिरल्या. वरची नोट ओढणाऱ्या रोलरला चिकटलेली, खालची रोखणाऱ्या रबराला. दोघींच्या मध्ये कागदावर कागद. इथे तीन ठिकाणी घर्षण आहे आणि सगळा खेळ त्यांच्या क्रमाचा आहे.

- सगळ्यात जास्त घर्षण: ओढणारा रोलर आणि नोट यांच्यात.
- मधलं: रोखणारं रबर आणि नोट यांच्यात.
- सगळ्यात कमी: नोट आणि नोट यांच्यात.

हा क्रम पाळला तर काय होतं? दोन नोटा आल्या, तर खालच्या नोटेला पुढे खेचणारी एकच गोष्ट असते, वरच्या नोटेशी असलेलं घर्षण. ते कमजोर. मागे धरणारं रबर त्याच्यापेक्षा जोरदार. म्हणून खालची थांबते, वरची जाते. आणि फटीत एकच नोट असली तर? मग सामना थेट ओढणाऱ्या आणि रोखणाऱ्या रबराचा. ओढणारा जिंकतो, नोट पुढे जाते. म्हणजे 'एक आली की सोड, दोन आल्या की दुसरीला धर' हा निर्णय सेन्सरशिवाय, प्रोग्रॅमशिवाय, नुसत्या रबराच्या गुणावर होतो. तुमच्या घरातल्या किंवा ऑफिसातल्या प्रिंटरमध्येही हेच तत्त्व आहे.

[०४:१०] मग दोन नोटा एकदम का येतात?

कारण हा क्रम बिघडतो. रबर जुनं झालं की गुळगुळीत होतं, त्यावर कागदाची धूळ बसते. ओढणाऱ्या रोलरची पकड सुटली तर नोट निघतच नाही. रोखणारं रबर झिजलं तर जोडीनं नोटा निघतात. तिसरी शक्यता म्हणजे नोटा एकमेकींना जास्त चिकटतात. दमट हवेत कागद ओलावा धरतो, कोऱ्या करकरीत बंडलात नोटा घट्ट दाबलेल्या असतात. म्हणून नोटा मशीनवर ठेवण्याआधी त्या पत्त्यांसारख्या पिसून, कडा तिरक्या करून ठेवतात. ही सवय नाही, शास्त्र आहे. दोन नोटांच्या मध्ये हवा शिरली की त्यांची आपसातली पकड कमी होते आणि वरचा क्रम परत जागेवर येतो.

दुकानातल्या मोजणी यंत्राच्या मागे बऱ्याचदा एक फिरवायचा स्क्रू असतो. तो रोलरमधली फट कमीजास्त करतो. मशीन सारखं 'डबल' दाखवत असेल तर फट मोठी झालेली असू शकते. नोटा अडकत किंवा फाटत असतील तर फट फार आवळलेली.

एक दुसरी पद्धतही आहे, हवेनं ओढून घेण्याची. काही एटीएममध्ये रबराचे छोटे पेले असतात. ते नोटेला टेकतात, मागून हवा खेचली जाते, नोट पेल्याला चिकटते आणि आधी थोडी वाकते. ते वाकणं महत्त्वाचं, कारण त्यामुळेच मागच्या नोटेपासून ती सुटते. इथे घर्षणावर भरवसा नाही. पण नोटेला भोक असेल तर हवा गळते आणि पकड जाते.

आणि अजून एक जुनी पद्धत सांगतो. १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथनं भोकं पाडलेली कार्डं वापरली. पुढे आयबीएमची कार्ड वेगळी करणारी यंत्रं आली. ०८३ नावाचं यंत्र मिनिटाला १,००० कार्डं वेगळी करायचं. त्यात रोलरनं नाही, तर पोलादी पात्यानं सगळ्यात खालच्या कार्डाच्या कडेला ढकलत. पात्याची धार एका कार्डाच्या जाडीपेक्षा किंचित कमी, म्हणजे दुसरं कार्ड तिच्या तावडीत येऊच शकत नाही. समोरची फटही एकच कार्ड जाईल एवढी. हे जमायचं कारण कार्ड ताठ, सगळी एकसारखी. नोटेवर असं पातं चालवलं तर तिचा चुरगळा होईल. जसा कागद, तशी पकड.

[०६:४०] चोर कसा पकडतात?

एवढं करूनही दोन नोटा निघाल्याच तर? म्हणून पुढे पहारेकरी असतो. एक प्रकार असा: नोट दोन छोट्या रोलरमधून जाते आणि वरचा रोलर नोटेच्या जाडीएवढा उचलला जातो. नोटेची जाडी साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. ती जोखायला रोलरला लांब दांडी जोडतात, म्हणजे छोटी हालचाल दुसऱ्या टोकाला मोठी होऊन दिसते. दुसरा प्रकार प्रकाशाचा. एका बाजूनं इन्फ्रारेड किरण सोडायचे, दुसऱ्या बाजूला किती पोचतात ते बघायचं. दोन नोटा असल्या की उजेड कमी पोचतो.

एटीएमला शंका आली की ते भांडत बसत नाही. ती नोट एका वेगळ्या डब्यात टाकतं आणि नवी काढतं. तुम्हाला मधेच जी शांतता आणि मग परत 'खर्रर्र' ऐकू येतं ना, ते बऱ्याचदा हेच असतं.

[०७:५०] भिंगरीचं काम

आता माझा आवडता भाग. मोजणी यंत्राच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिकच्या दोन भिंगऱ्या दिसतात, वाकड्या पाकळ्यांच्या. त्या कशाला?

थोडा हिशोब करू. यंत्र मिनिटाला १,००० नोटा मोजतंय. म्हणजे एका नोटेला ६० मिलिसेकंद. आपली पाचशेची नोट ६६ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब. ती लांब कड पुढे करून पळते. दोन नोटांमध्ये तेवढीच, म्हणजे ६६ मिलिमीटर जागा सोडली असं धरू. मग ६० मिलिसेकंदांत १३२ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २.२ मीटर. हलक्या धावण्याएवढा वेग.

या वेगानं नोट सरळ भिंतीवर सोडली तर ती आपटेल, उसळेल, वाकडी पडेल. आणि ती सावरायच्या आत, ६० मिलिसेकंदांनी, दुसरी तिच्या डोक्यावर. गठ्ठा कसला, नुसता कचरा.

भिंगरी काय करते? प्रत्येक नोट दोन पाकळ्यांच्या मधल्या खाचेत घुसते. खाच वाकडी, त्यामुळे नोट तिच्या भिंतीला घासत जाते आणि वेग मरतो. शिवाय वाकलेला कागद ताठ होतो. हातात एखादा कागद धरून त्याला थोडा बाक द्या, तो लगेच सरळ उभा राहतो. मग भिंगरी नोटेला घेऊन सावकाश वळते. खाली एक स्थिर फणी असते, पाकळ्या तिच्या दातांमधून निघून जातात, पण नोट फणीला अडते आणि खाली ट्रेमध्ये उतरते. पडत नाही, ठेवली जाते.

समजा भिंगरीला १६ खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत एक नोट. १,००० नोटांना ती मिनिटाला फक्त ६२ ते ६३ फेरे घेते, सेकंदाला जेमतेम एक. अर्ध्या फेरीत नोट खाली पोचते, म्हणजे तिला थांबायला जवळजवळ ४८० मिलिसेकंद मिळाले. ६० चे ४८०! एकाच वेळी आठ नोटा रांगेत शांत होत असतात. मागून येणारी घाई तशीच आहे, पण प्रत्येकीला आठपट वेळ मिळाला. हे सगळं एका प्लॅस्टिकच्या भिंगरीत.

नोटा वेगळ्या करणाऱ्या मोठ्या यंत्रात चांगल्या, खराब, संशयास्पद अशा प्रत्येक कप्प्याला आपली भिंगरी असते. वाटेत रेल्वेच्या सांध्यासारखे छोटे फाटे असतात. आपल्या हिशोबाप्रमाणे दोन नोटांमधली मोकळी जागा ३० मिलिसेकंदांची. फाट्याला तेवढ्यात वळायचं असतं, नाहीतर पातं नोटेच्या पोटात घुसतं. म्हणून नोटांमधलं अंतर सारखं राहणं इतकं महत्त्वाचं, आणि ते ठरतं पहिल्या रोलरवर. सुरुवात चुकली की शेवट चुकला.

[११:००] पिन मारलेली बंडलं आणि सात मिलिमीटर

आता हे आपल्या देशात कुठे भिडतं ते बघू. पूर्वी बँकेची बंडलं जाड पिनांनी टाचलेली असायची, आठवत नसेल तर आईबाबांना विचारा. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, पिना मारू नका, कागदी पट्टी लावा. पिन काढताना नोट फाटते, भोकं मोठी होतात. आणि यंत्राच्या दृष्टीनं बघा: फाटकी कड रोलरमध्ये अडकते, भोकातून हवा गळते, प्रकाशाचा अंदाज चुकतो. पुढे रिझर्व्ह बँकेनं १०० आणि त्यावरच्या नोटा यंत्रावर तपासल्याशिवाय पुन्हा लोकांना देऊ नयेत असंही सांगितलं. नोट चलनात ठेवण्याजोगी आहे का, हे ठरवताना मळ, फाटणं, भोकं, दुमडलेले कोपरे यांच्याबरोबर 'लुळेपणा'ही बघतात. कळलं ना का? लुळी नोट रोलरपुढे आली की ती सरकत नाही, गोळा होते.

आणि मग ८ नोव्हेंबर २०१६. जुनी पाचशेची नोट ७३ मिलिमीटर रुंद होती. नवी दोन हजाराची आणि नवी पाचशेची ६६. फरक फक्त सात मिलिमीटर. पण एटीएममधल्या नोटांच्या पेटीत कडेच्या पट्ट्या ७३ ला बसवलेल्या. त्यात ६६ ची नोट ठेवली तर ती हलणार, तिरकी निघणार, अडकणार. देशात सुमारे दोन लाख एटीएम. माणसानं जाऊन एकेक पेटी बदलायची, सॉफ्टवेअरही बदलायचं. रिझर्व्ह बँकेनं डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखाली खास गट नेमला. लोक रांगेत उभे होते, छापखान्यातून नोटा निघत होत्या, पण यंत्राची पकड जुन्या मापाची होती. रांगा लांबण्याचं हे एकच कारण नव्हतं, पण हे एक होतंच.

परत आलेल्या नोटाही तपासायच्या होत्या. १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले, हा अंतिम आकडा रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०१८ च्या वार्षिक अहवालात आला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. लोक विचारत होते, मोजायला एवढा वेळ? पण नुसतं मोजायचं नव्हतं. प्रत्येक नोट एकेकटी सुटून सेन्सरसमोरून जायला हवी होती, खरीखोटी ठरायला हवी होती.

आता नव्या मालिकेत पन्नासपासून पाचशेपर्यंत सगळ्या नोटांची रुंदी ६६ च ठेवली आहे, फक्त लांबी बदलते. दहा आणि वीसच्या ६३. आपल्या नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तिथून निघालेल्या नोटेला आयुष्यभर अशाच रोलर आणि भिंगऱ्यांमधून जायचं असतं.

[१३:४०] तुमच्या कामाचं

शेवटी तीन गोष्टी.

एक, नोटेची घडी घालून घालून ती लुळी करू नका, पिन मारू नका, टेप लावू नका. टेपचा चिकटपणा दोन नोटांमधलं घर्षण वाढवतो, जाडीचा अंदाजही चुकवतो.

दोन, कॅश डिपॉझिट मशीनमध्ये पैसे टाकण्याआधी नोटा सरळ करा, कोपरे उघडा, गठ्ठा एकदा पिसा. परत परत बाहेर येणाऱ्या बऱ्याच नोटा याने आत जातील.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. खात्यातून पैसे गेले पण एटीएममधून आलेच नाहीत, असं झालं तर घाबरू नका. नोट पेटीतून निघून आतच नको असलेल्या नोटांच्या डब्यात पडलेली असू शकते. यंत्रात प्रत्येक व्यवहाराची नोंद असते आणि रोकड मोजली की जास्तीची रक्कम दिसते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेनं स्वतःहून पैसे परत जमा करायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही न मागता. पावती किंवा एसएमएस जपून ठेवा, बँकेकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर घ्या.

पुढच्या वेळी 'खर्रर्र' ऐकलात की शेजारच्याला सांगा, रबराचा अंगठा नोटेला म्हणतोय 'चल', आणि दुसऱ्या नोटेला कुणीतरी म्हणतंय 'तू थांब'. भाग आवडला तर ज्याच्या दुकानात मोजणी यंत्र आहे त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!